आर्नी साल्मेलाचं लाल कुलूप

आर्नी साल्मेलाने मिनिआपोलिसच्या उत्तरेला, लोखंडाच्या एका खाणीत, चौतीस वर्षं विजेचं काम केलं. त्या चौतीस वर्षांतली त्याची एकच चूक गावाने लक्षात ठेवली.

खाणीत खडक दळायच्या गिरण्या होत्या. एकेक गिरणी दुमजली घराएवढी. आतली पोलादी अस्तरं झिजली की माणसाला तिच्या पोटात उतरावं लागे. उतरण्याआधी वीज तोडायची आणि खटक्यावर स्वतःचं कुलूप घालायचं. घातलं की एकदा ओढून पाहायचं. ज्याचं कुलूप त्याची किल्ली. आठ माणसं आत जाणार असतील तर आठ कुलपं. शेवटचं निघेपर्यंत गिरणी हलायची नाही, मग वरचा साहेब येऊन उभा राहिला तरी. आर्नीचं कुलूप लाल होतं. त्याला नावाचा पितळी बिल्ला होता.

१९७९ च्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी आर्नी काम संपवून घरी गेला आणि कुलूप खटक्यावरच राहिलं. किल्ली त्याच्या खिशात, आणि तो तळ्याच्या मधोमध बोटीत, गळ टाकून बसलेला. गिरणी चार तास उभी राहिली. शेवटी फोरमनने माणूस पाठवून त्याला बोटीतून उचलून आणलं. तेव्हापासून आर्नी सकाळी कॅफेत शिरला की कोणीतरी विचारायचंच, "आर्नी, कुलूप काढलंस का?" आर्नी खिसा चाचपून दाखवायचा. याला तीस वर्षं झाली. विचारणाऱ्यांतले निम्मे चर्चमागच्या टेकडीवर जाऊन निजले. प्रश्न शिल्लक राहिला.

एरवी त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार नव्हतं. कोळी दिसला तर तो कागदावर घेऊन बाहेर सोडायचा. जेवणानंतर भांडी घासायचा, तेही रोज. डोलोरेसशी लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती. ती म्हणायची, या माणसाला भांडायला शिकवते आहे, अजून पहिल्याच धड्यावर अडलाय.

तो का अडलाय हे तिला माहीत होतं.

आर्नीचा बाप ओन्नी त्याच खाणीत होता. तो शनिवारी सौना तापवायचा. अंग शेकून झालं की प्यायला बसायचा. प्यायला बसला की आर्नीच्या आईवर हात उचलायचा. खाणकंपनीने बांधलेली घरं एका ओळीत होती आणि लाकडी भिंतींतून आवाज जायचा. रविवारी आई चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसायची. तिला कोणी काही विचारलं नाही. या गावात कोणी कोणाला विचारत नाही. हवा कशी आहे ते विचारतात.

ओन्नीच्या घरात सगळे फिनिश बोलत. आईबाप गेल्यावर आर्नीला ती भाषा बोलायला कोणी उरलं नाही. तो विसरलाही असेल, असं डोलोरेसला वाटे.

ती फेब्रुवारीतली पहाट. आर्नीला जाग आली तेव्हा त्याची मूठ दुखत होती. दिवा जमिनीवर पडला होता. डोलोरेस पलंगाच्या कडेला बसून डाव्या डोळ्यावर हात धरून होती. स्वप्न अजून पुरतं उतरलं नव्हतं. मागच्या दारातून अस्वल आत आलं होतं आणि तिच्याकडे निघालं होतं. त्याने पुढे होऊन ठोसा मारला होता.

तो अनवाणी धावत अंगणात गेला आणि ओंजळभर बर्फ घेऊन आला. फ्रिजमध्ये बर्फ होतं. ते त्याला सुचलंच नाही.

तसं दोन वर्षांपासून काही ना काही चाललं होतं. झोपेत ओरडणं. लाथा. एकदा तो पलंगावरून थेट खाली आला आणि त्याच्या भुवईला तीन टाके पडले. त्यावर दोघं हसले होते. या वेळी कोणी हसलं नाही.

रविवारी चर्चच्या कॉफीला डोलोरेसने सांगितलं, कपाटाचं दार लागलं. खरं सांगितलं असतं तर कोणी मानलं नसतं, म्हणून तिने खोटं सांगितलं. आणि ते खोटं होतं हे सगळ्यांनी ओळखलं. अशा वेळी बायका काय सांगतात ते गावाला पाठ होतं.

पुढे आठवडाभर घरी हॉटडिश येत राहिले. खिमा, बटाटे, वर मशरूमचं घट्ट सूप, काचेच्या भांड्यात भाजलेलं. या भागात मयत झाली, बाळ झालं, कोणाचं हाड मोडलं, की हेच भांडं येतं. भांडं परत जावं म्हणून बुडाला कागदी चिकटपट्टी, तिच्यावर मालकिणीचं नाव. आर्नीला वाटलं, डोळा फार सुजलाय म्हणून आणत असतील. बरी माणसं आहेत.

कॅफेतही तो रोज गेला. सगळे बर्फाबद्दल बोलले. ग्लेन कोवाच, ज्याच्याबरोबर आर्नीने वीस वर्षं एका पाळीत काढली, कपात बघून बोलला. काहीतरी वेगळं होतं, पण काय ते आर्नीला चौथ्या दिवशी कळलं. चार दिवसांत कुलपाबद्दल त्याला कोणी विचारलं नव्हतं.

त्याच दिवशी जेवण झाल्यावर तो भांडी घासत होता. शेजारच्या मार्लिस क्विस्टचं भांडं त्याने पालथं केलं. पट्टीवर तिचं नाव होतं. नावाखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती.

'मागचं दार उघडं असतं. कधीही ये.'

आर्नीने ती दोनदा वाचली. पाणी वाहत राहिलं. मग त्याने भांडं पुसलं आणि ओळ खाली जाईल असं फळीवर ठेवलं.

त्या संध्याकाळी तो डोलोरेसला म्हणाला की जंगलातल्या खोपीच्या छपरावर बर्फ साठलं असेल, ते काढून येतो. हरणांच्या शिकारीसाठी बांधलेली ती खोपी गावापासून अकरा मैलांवर होती. त्याने झोपायची पिशवी घेतली, पाव घेतला, कॉफी घेतली. तो परत आला नाही. आर्नी साल्मेला घर सोडून गेला, ही बातमी गावात आपसूक पोचली. ज्यांना थोडी शंका होती त्यांचीही फिटली.

नवव्या दिवशी दुपारी डोलोरेस गाडी घेऊन आली. शेवटचा पाव मैल गाडी जात नव्हती. ती चालत आली. आत येऊन बाकावर बसली. डोळ्याखालचं जांभळं आता पिवळं झालं होतं.

"छपरावर बर्फ नाहीये," ती म्हणाली.

"काढलं."

"पहिल्याच दिवशी काढलं असशील. आज नववा."

आर्नीने चुलीत लाकूड सारलं. त्याची गरज नव्हती. चूल चांगली पेटलेली होती.

"मी ओन्नीचा मुलगा आहे," तो म्हणाला.

मग तो बोलत गेला. एवढं सलग तो कधी बोललेला तिला आठवत नव्हतं. त्याचं म्हणणं असं की बापाचं जे होतं ते त्याच्यातही आलं. त्याने ते आयुष्यभर दाबून धरलं. आता म्हातारपणी झाकण सैल झालं. जागेपणी माणूस सांभाळून वागतो. झोपेत तो जसा असतो तसा असतो. गावाला ते दिसलं, आणि गावाचं काही चुकलेलं नाही.

डोलोरेसने हातमोजे काढले. एकावर एक ठेवले.

"ओन्नी जागा असायचा, आर्नी."

तो चुलीकडून वळला.

"तो तुझ्या आईच्या तोंडाकडे बघून मारायचा. तू माझं तोंड बघितलंस आणि अनवाणी बर्फात पळालास. तुझे पाय बघून मला माझा डोळा विसरायला झालं."

मग त्याने भांड्याखालची ओळ सांगितली. तिने ती पहिल्याच दिवशी वाचली होती.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? भांडं मोठं होतं. दोन दिवस पुरलं."

ती मार्लिसकडे खरं सांगायलाही गेली होती. झोपेत लागलं म्हणाली होती. मार्लिसने तिचा हात हातात घेतला आणि म्हणाली, असंच म्हणत राहा, घाई नाही. तेव्हा डोलोरेस तिथून उठली आणि सरळ दवाखान्यात गेली. तिथल्या नर्सने सगळं ऐकलं, हसली नाही, आणि शहरातल्या एका झोपेच्या दवाखान्याचा पत्ता दिला.

"उठ," डोलोरेस म्हणाली. "आणि ही चूल विझव."

मिनिआपोलिसच्या त्या झोपेच्या दवाखान्यात आर्नीला एक रात्र ठेवून घेतलं. डोक्याला, हनुवटीला, हातापायांना तारा चिकटवल्या. ज्या मुलीने त्या लावल्या तिला आर्नीने दोन तारांची जोडणी कच्ची असल्याचं दाखवून दिलं. तिने ती बदलली.

सकाळी डॉक्टर हॉवलंड यांनी दोघांना पडद्यासमोर बसवलं. पन्नाशीच्या बाई, आवाज हळू. पडद्यावर रेघा होत्या. डोळ्यांची रेघ झपाट्याने वरखाली होत होती. बाईंनी सांगितलं, इथे तुम्ही स्वप्न बघताय. या वेळी मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच चालतो. धाव, पकड, मार, असे हुकूमही सुटतात. म्हणून मेंदूच्या बुडाशी, मानेच्या जरा वर, एक जागा असते. ती त्याच वेळी मणक्यातून खाली दुसरा हुकूम धाडते. स्नायूंनी हलायचं नाही. डोळे फिरतात, श्वास चालतो, बाकी सगळं अंग सैल पडतं. रोज रात्री, प्रत्येकाचं. म्हणून स्वप्नात आपण मैलभर धावतो आणि अंथरुणातच असतो.

मग त्यांनी खालच्या रेघेवर बोट ठेवलं. ती हनुवटीच्या स्नायूची होती.

"ही आता सपाट असायला हवी होती."

ती सपाट नव्हती. काटेरी कुंपणासारखी होती.

आर्नी बराच वेळ ती रेघ बघत होता. "म्हणजे आत माणूस असताना गिरणी बंद ठेवायची," तो म्हणाला.

बाईंना कळलं नाही. तेव्हा त्याने कुलपाचं सांगितलं, ओढून पाहण्यापर्यंत सगळं. बाईंनी मध्ये तोडलं नाही.

"तुमचं कुलूप निसटलंय," त्या म्हणाल्या. "माणूस आत आहे आणि गिरणी फिरते आहे."

आर्नीने मान हलवली. मग जे विचारायला तो साडेतीन तासांचा रस्ता करून आला होता ते विचारलं.

"माणूस झोपेत जे करतो, ते त्याच्या मनात असतं का?"

असे शेकडो लोक पाहिलेत, बाई म्हणाल्या. दिवसा बहुतेक मवाळ असतात. स्वप्नात बहुतेक वेळा कोणीतरी त्यांच्यावर चालून येतं, आणि ते स्वतःला वाचवत असतात, नाहीतर दुसऱ्या कोणाला. पण तुमचं तुम्हीच बघा. त्यांनी रात्रीचं चित्रीकरण लावलं आणि आवाज वाढवला.

पडद्यावर एक म्हातारा पलंगात उठून बसला. डोळे मिटलेले. डावा हात मागे पसरलेला, पाठीशी कोणाला तरी लपवावं तसा. उजव्या हाताने तो हवेत ठोसे मारत होता. "मागे हो, डोलोरेस," तो ओरडला. "माझ्या मागे हो." मग आणखी काहीतरी ओरडला. ते बाईंना कळलं नव्हतं. त्यांनी तेवढंच पुन्हा लावलं.

"हे काय बोललास?" डोलोरेसने विचारलं.

आर्नीचा चेहरा उतरला होता. "फिनिश आहे."

"म्हणजे काय?"

"'तिला सोड.'"

"कोणाला म्हणालास?"

"अस्वलाला."

डोलोरेसने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पडद्यावरचा म्हातारा अजून हात पसरून बसला होता.

"अस्वलाला फिनिश येतं?" ती म्हणाली.

आर्नीने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने खूप वेळ पुसला.

निघताना तो दारात थांबला. "कुलूप आपोआप निसटत नाही," तो म्हणाला. "एक तर कोणी कापतं, नाहीतर गंजतं."

बाईंनी त्याला परत बसायला सांगितलं. वास येतो का, विचारलं. कॉफीचा?

आर्नीने विचार केला. चार-पाच वर्षं आला नव्हता. त्याला वाटलं होतं, कॅफेवाला हलकी कॉफी आणायला लागला.

"गंजतं," बाई म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं, वास जाणं हीसुद्धा त्याच गंजाची खूण. असं झालेल्या पुष्कळांना पुढे, दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याआधीही, हात थरथरण्याचा आणि अंग आखडण्याचा आजार होतो. सगळ्यांना होतो असं नाही. कोणाला, कधी, ते सांगता येत नाही. थांबवायचं औषध आज नाही. रात्र शांत जावी म्हणून गोळी आहे. पलंग बुटका करा. दिवा काढा. काही दिवस वेगळ्या गाद्यांवर झोपा. बंदुका घरात ठेवू नका.

परतीच्या वाटेवर डोलोरेस गाडी चालवत होती. पेट्रोलसाठी थांबली तेव्हा तिने दोन कॉफ्या आणल्या. आर्नीने कप नाकाशी धरला.

"येतो?"

"नाही."

"गरम तरी आहे," ती म्हणाली.

हरणांच्या दोन बंदुका घेऊन तो दुसऱ्या दिवशी ग्लेनकडे गेला. ठेवशील का म्हणाला. ग्लेनने त्या मुकाट्याने घेतल्या आणि तळघरात नेल्या. वर आल्यावर त्याच्या खांद्याजवळ बघत म्हणाला, "बरं केलंस." गाडीत बसल्यावर आर्नीच्या ध्यानात आलं. घरात मारहाण असली की शहाणी माणसं हेच करतात. बंदुका मित्राकडे नेऊन ठेवतात.

त्या रात्री त्याने गॅरेजमधली खोकी उपसली.

सकाळी कॅफेत त्याच्या टेबलाशी चौघं बसले होते, सगळे खाणीतून निवृत्त झालेले. आर्नीने खिशातून लाल कुलूप काढलं आणि टेबलावर ठेवलं. बिल्ला काळवंडला होता.

"हे माझं निसटलंय," तो म्हणाला, आणि स्वतःच्या मानेला हात लावला. "इथलं."

मग त्याने सांगितलं. डॉक्टरीण बाईंना जेवढे शब्द लागले त्याच्या पावपट शब्दांत. समोरच्या माणसांना उरलेले शब्द लागणार नव्हते. कुलूप नसलेली गिरणी काय करते हे त्यांनी पाहिलं होतं. ग्लेनने कुलूप उचललं, कडी ओढून पाहिली, खाली ठेवलं.

"मग स्वप्नात काय होतं?" ग्लेनने विचारलं.

"अस्वल."

"फेब्रुवारीत? फेब्रुवारीत अस्वलं झोपलेली असतात."

"असतात. त्यांची कुलपं शाबूत आहेत."

ग्लेनने कपात बघितलं. त्याचे खांदे हलायला लागले. मग वर बघितलं, थेट आर्नीच्या डोळ्यांत, त्या रविवारनंतर पहिल्यांदा.

"अस्वलाला ठोसा लागला का पण?"

"डोलोरेसला लागला. अस्वल गेलं."

दुसऱ्या दिवशी आर्नी दारातून आत येतोय तोच मागच्या टेबलावरून कोणीतरी विचारलं, "आर्नी, रात्री कुलूप लावलंस का?" त्याने खिसा चाचपला. खिशात गोळ्यांची डबी होती. ती त्याने हलवून वाजवून दाखवली.

मार्लिसचं भांडं राहिलं होतं. इकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. डोलोरेसने पोटित्सा हा अक्रोड भरलेला गोड पाव केला, तिच्या स्लोव्हेनियन आईच्या हातची रीत, आणि चार जाड चकत्या भांड्यात ठेवल्या. ती पट्टी काढून टाकणार होती. आर्नीने तिला थांबवलं. भांडं तो स्वतः घेऊन गेला.

पुढच्या दाराने जायचं सोडून तो मागे वळला. दाराला हात लावला. ते उघडं होतं.

मार्लिस ओट्याशी उभी होती. पंच्याहत्तरीची बाई, कंपनीच्या याच ओळीतल्या घरात जन्मली, याच ओळीत लग्न करून राहिली. त्याला बघून तिने हातातला चमचा खाली ठेवला. कॅफेतली गोष्ट तिच्यापर्यंत पोचली होती. तिच्या मानेवर लाली चढली.

"आर्नी, मी..." ती म्हणाली. "मला वाटलं..."

"ठाऊक आहे."

"मी तुला लहानपणापासून बघते आहे. मला कळायला हवं होतं."

आर्नीने भांडं टेबलावर ठेवलं.

"माझ्या आईला असं भांडं कोणी आणलं नाही," तो म्हणाला.

मार्लिस खुर्चीवर बसली. भांड्याच्या कडेवरून तिने एकदा बोट फिरवलं.

"आम्हाला ऐकू यायचं," ती म्हणाली. "शनिवारी. माझी आई उठून खिडकी लावून घ्यायची. उन्हाळ्यातसुद्धा."

बाहेर कोणाच्यातरी छपरावरून बर्फाचा थर घसरून खाली पडला. दोघांनी तिकडे बघितलं.

"ती पट्टी काढू नकोस," आर्नी म्हणाला. "भांडं आणखी कोणाकडे जाईल."

मार्लिसने मान हलवली. मग उठून तिने कॉफी ओतली. ताजी आहे, वासावरूनच कळतंय ना, म्हणाली. आर्नी हो म्हणाला. त्याने कप संपवला, हवेबद्दल दोन वाक्यं बोलला आणि टोपी घातली.

बाहेर पडल्यावर त्याने मागचं दार ओढून घेतलं. कडी लागली नाही ना, हे एकदा हलवून पाहिलं. मग तो अंगणातून घराकडे निघाला.